गावभर पसरलेलं हॉटेल: सांतो स्तेफानोचं प्रकरण

पाहुणा गाडी गावाबाहेर लावतो, सामान उचलून चढणीच्या दगडी गल्लीने वर येतो आणि स्वागतकक्षात नाव सांगतो. तिथे त्याला किल्ली मिळते. दिंडीदरवाजाला शोभेल अशी, लोखंडी आणि वजनदार. खोली मात्र त्या इमारतीत नसते. पुन्हा बाहेर पडायचं, बोळातून चालायचं, वर घरं बांधलेल्या कमानीखालून जायचं, पाच-सात पायऱ्या चढायच्या आणि एका बुटक्या लाकडी दाराला ती किल्ली लावायची. शेजारचं दार कुणाच्या तरी राहत्या घराचं असू शकतं. जेवणाची जागा आणखी तिसरीकडे. या हॉटेलचा व्हरांडा म्हणजे गावाची गल्ली, आणि मजले म्हणजे डोंगरउतारावर एकाखाली एक उतरत गेलेली घरं.

इटलीतल्या आब्रुत्सो प्रदेशातलं, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० मीटर उंचीवरचं सांतो स्तेफानो दि सेस्सानियो हे ते गाव. अशा निवासव्यवस्थेला तिकडे 'आल्बेर्गो दिफ्फूझो' म्हणतात. आल्बेर्गो म्हणजे हॉटेल, दिफ्फूझो म्हणजे विखुरलेलं, पसरलेलं.

पर्यटन शिकवताना निवासाचे प्रकार एका तक्त्यात मांडले जातात: हॉटेल, रिसॉर्ट, गेस्ट हाउस, होमस्टे, हॉस्टेल, सर्व्हिस अपार्टमेंट, तंबू. पर्यटनाचे प्रकार दुसऱ्या तक्त्यात: सांस्कृतिक, साहसी, ग्रामीण, धार्मिक, वैद्यकीय. दोन्ही तक्ते पाठ होतात, पण त्यांचं एकमेकांशी नातं काय, हा प्रश्न बाजूला राहतो. मला वाटतं, तो प्रश्नच महत्त्वाचा आहे. पाहुण्याला कुठे आणि कसं उतरवायचं हे एकदा ठरलं, की त्या गावात कोणतं पर्यटन येणार हेही बरंचसं ठरून जातं. सांतो स्तेफानोत हा निर्णय समजून-उमजून घेतला गेला, आणि त्याचं काय झालं हे पाहायला आता पुरेसा काळ लोटला आहे. म्हणून हे प्रकरण.

लोकरीचं गाव

गाव रिकामं का झालं हे समजल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

या गावाची भाकरी मुख्यतः मेंढ्यांवर होती. उन्हाळ्यात कळप ग्रान सास्सो पर्वतरांगेतल्या काम्पो इम्पेरातोरे या उंच पठारावर चरायचे. थंडी लागली की मेंढपाळ कळप हाकत दक्षिणेला, पुल्या प्रदेशातल्या तावोलिएरेच्या सपाट मैदानात उतरायचे आणि वसंतात परत फिरायचे. लाक्विला शहरापासून फोज्जापर्यंतची ही गवताळ वाट २४४ किलोमीटर लांब, आणि तिची ठरलेली रुंदी १११ मीटर. वाट कसली, कळपांसाठी राखलेला गवताचा लांबलचक पट्टाच तो. ज्यांनी धनगरांचे वाडे पावसाळा संपताना घाट उतरताना पाहिले आहेत त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. मेंढपाळांच्या या हंगामी प्रवासाची परंपरा २०१९ मध्ये इटली, ऑस्ट्रिया आणि ग्रीस यांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली.

इथल्या लोकरीला मोल होतं म्हणूनच फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची नजर एवढ्या दूरच्या डोंगराकडे वळली. १५७९ मध्ये फ्रान्चेस्को दे मेदिचीने कोस्तान्झा पिकोलोमिनीकडून कारापेल्लेची जहागीर विकत घेतली. सांतो स्तेफानो त्यातच येतं. 'कार्फान्या' नावाची इथली काळसर, जाडीभरडी लोकर भिक्षूंच्या झग्यांना आणि सैनिकांच्या गणवेशांना लागायची. १७४३ पर्यंत गाव मेदिचींकडे राहिलं. वेशीवरच्या दगडी कमानीवर त्यांची राजमुद्रा आजही आहे. दगडात नक्षी काढलेल्या खिडक्या, गावाच्या मधोमध गोल मनोरा, एकमेकांना खेटून तटबंदीसारखी उभी घरं, ही सगळी त्या लोकरीची कमाई.

मग लोकरीचा धंदा बसला. इटलीचं एकीकरण १८६१ मध्ये झालं आणि १८६५ मध्ये तावोलिएरेच्या जमिनी खासगी मालकीत देण्याचा कायदा आला. हिवाळी कुरणांवर नांगर फिरला, गहू पिकू लागला. कळप हिवाळ्यात न्यायचे कुठे? उन्हाळी कुरण हाताशी असून उपयोग नव्हता, कारण हा व्यवसाय वर्षाच्या दोन्ही टोकांना गवत मिळेल या भरवशावर उभा होता. त्यानंतरची कहाणी डोंगराळ इटलीत सगळीकडे सारखीच आहे. माणसं शहरांत गेली, समुद्रापार गेली, घरांना कुलपं लागली. विसावं शतक संपताना गावात शंभरच्या आसपास माणसं उरली होती.

या ऱ्हासात एक गोष्ट घडली नाही. गावात पैसा नव्हता, म्हणून कुणी जुन्या घरावर सिमेंटचा मजला चढवला नाही, दगडी चौकटी काढून ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या नाहीत. बरी परिस्थिती असलेल्या शेजारच्या कितीतरी गावांचा चेहरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलून गेला. सांतो स्तेफानोचा राहिला.

समोर असलेले मार्ग

अशा गावात पर्यटन आणायचं तर काय काय करता आलं असतं?

पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो: गावाबाहेर मोकळ्या जागेवर हॉटेल बांधायचं. एका छपराखाली सगळ्या खोल्या, एक स्वयंपाकघर, एक लिफ्ट, समोर पार्किंग. चालवायला सर्वांत सोपं. पण मग पाहुणा गाव 'बघायला' येतो, तासाभरात फिरून परत हॉटेलात जातो, आणि कुलूपबंद घरं कुलूपबंदच राहतात. वर ज्या दृश्यासाठी तो आला त्याच्या मध्येच ती नवी इमारत उभी.

दुसरा मार्ग सुटीतल्या घरांचा. शहरातल्या लोकांनी एकेक घर विकत घेऊन उन्हाळ्यात दोन आठवडे राहायचं. यात घरांची डागडुजी होते, पण उरलेले पन्नास आठवडे दिवा लागत नाही. स्कीइंगच्या पट्ट्यातल्या अनेक गावांचं असंच झालं आहे: घरं हजारो, शाळा बंद.

तिसरा मार्ग शेतघरांचा. इटलीत १९८५ च्या कायद्याने 'आग्रितुरिस्मो' या प्रकाराला चौकट मिळाली. शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवायचे, मात्र शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय असला पाहिजे. फार चांगली योजना आहे ही, अनेक कुटुंबं तिच्यामुळे शेतात टिकली. पण त्यासाठी शेतकरी हवा, आणि सांतो स्तेफानोत नेमकी माणसंच नव्हती. 'बेड अँड ब्रेकफास्ट'चीही तीच अडचण. घरात राहणारं कुटुंब पाहुण्याला स्वतःच्या दोन खोल्या देतं तेव्हा ती व्यवस्था होते. कुटुंबच नसेल तर नाश्ता करून देणार कोण?

घरं भरपूर, माणसं मोजकी, आणि गावाबाहेर नवं काही बांधायचं नाही. या तीन अटींत बसणारा प्रकार तेव्हा इटलीत घडत होता, पण दुसऱ्या टोकाला.

भूकंपातून आलेली कल्पना

६ मे १९७६ च्या रात्री इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या फ्रिउली प्रदेशात मोठा भूकंप झाला. साडेनऊशेहून अधिक माणसं गेली, आणि सप्टेंबरात पुन्हा धक्के बसले. सरकारी मदतीतून घरं दुरुस्त झाली खरी, पण डोंगरातल्या कार्निया भागातली कित्येक घरं दुरुस्त होऊनही रिकामी राहिली, कारण त्यांतली माणसं दुसरीकडे स्थिरावली होती. १९८२ मध्ये तिथल्या कोमेल्यान्स गावाच्या पुनर्वसनाचा विचार करणाऱ्या गटाने ही घरं पाहुण्यांना द्यायची कल्पना मांडली. कवी लेओनार्दो झानिएर त्या प्रयत्नात होता. 'आल्बेर्गो दिफ्फूझो' हे नाव तिथून आलं.

ते नाव होतं, प्रारूप नव्हतं. सुरुवातीला या शब्दाचा अर्थ 'गावात विखुरलेली भाड्याची घरं' एवढाच निघत होता. त्याला हॉटेलाचा आकार दिला तो पर्यटन-विपणनाचे अभ्यासक जानकार्लो दाल्लारा यांनी. १९८९ च्या सुमारास सान लेओ गावासाठी काम करताना त्यांनी हा विचार पक्का केला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: व्यवस्थापन एकच हवं, स्वागतकक्ष आणि बसण्या-जेवण्याच्या सामायिक जागा हव्यात, हॉटेलच्या सगळ्या सेवा मिळायला हव्यात, खोल्या चालत जाण्याइतक्या जवळ हव्यात, आणि गाव जिवंत हवं, म्हणजे तिथे माणसं राहत असली पाहिजेत. १९९८ मध्ये सार्डिनियाने आपल्या प्रादेशिक कायद्यात या प्रकाराला स्थान दिलं आणि खोल्या मुख्य इमारतीपासून २०० मीटरच्या आत असाव्यात अशी मर्यादा घातली. पुढे इतर प्रदेशांनीही आपापले नियम केले. २००६ मध्ये अशा हॉटेलांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

दोनशे मीटरची अट वाचताना किरकोळ वाटते, पण मला ती फार नेमकी वाटते. रात्री नळ बिघडला, दिवा गेला, ताप आला तर पाहुणा पायी चालत कुणाकडे तरी पोहोचू शकला पाहिजे. त्यापुढे अंतर गेलं की हॉटेल संपतं आणि भाड्याचं घर सुरू होतं.

हा फरक आज जास्तच कळतो. २००८ मध्ये एअरबीएनबी आलं आणि जगभरच्या जुन्या वस्त्यांतली घरं एकेक करून पाहुण्यांसाठी सुटली. बाहेरून पाहिलं तर हेही विखुरलेलं हॉटेलच, घर इथलं, पाहुणा बाहेरचा. पण किल्ली दाराजवळच्या आकड्यांच्या पेटीत, मालक दुसऱ्या शहरात, सफाईवाली तिसऱ्याच कंपनीची. तक्रार करायची तर मोबाइलवर. आल्बेर्गो दिफ्फूझोत किल्ली हातात देणारं माणूस असतं, आणि पाहुण्यांची सगळी जबाबदारी एका व्यवस्थापनावर असते. इटलीत पाहुण्याची ओळख पटवून ती २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं निवास देणाऱ्यावर बंधनकारक आहे. तेव्हा स्वागतकक्षात माणूस असणं ही निव्वळ आदरातिथ्याची बाब नाही.

काळ्या भिंती

१९९९ मध्ये दानिएले किल्ग्रेन हा तिशीतला तरुण मोटरसायकलवरून आब्रुत्सोत भटकताना सांतो स्तेफानोला पोहोचला. वडील स्वीडिश, आई इटालियन, आणि घराण्याचा पैसा सिमेंटच्या धंद्यातला. त्याने पडीक घरं एकामागून एक विकत घ्यायला सुरुवात केली आणि 'सेक्स्तान्तियो' या नावाने हॉटेल उभं केलं. २००५ च्या सुमारास ते सुरू झालं.

त्याच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट घरांच्या आत नसून करारात आहे. त्याने गावाच्या प्रशासनाशी समझोता केला: आम्ही जुनी घरं दुरुस्त करून इथे गुंतवणूक करू, त्या बदल्यात गावाच्या परिसरात नवं बांधकाम होऊ द्यायचं नाही. गुंतवणूकदार सहसा उलटी मागणी करतो, जास्त एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, मागतो. इथे ज्याचा पैसा सिमेंटमधून आला त्याने सिमेंटलाच बंदी मागितली. गावाचं मोकळं माळरान, त्यातली मसुरीची चिमुकली शेतं आणि दुरून एकसंध दिसणारी दगडी वस्ती हीच या हॉटेलची पुंजी होती, आणि ती त्याच्या मालकीची नव्हती. म्हणून करार लागला.

आता एक खोली जवळून पाहू.

दार उघडलं की आधी अंधार लागतो, कारण खिडकी लहान आहे. डोंगरातली घरं अशीच असतात, थंडी आत येऊ नये म्हणून. भिंत काळी दिसते. तो रंग नाही, पिढ्यान्‌पिढ्या जळलेल्या चुलीच्या धुराचा थर आहे. तो खरवडून चुना मारणं किती सोपं होतं. तो तसाच ठेवला. गिलाव्याचे पोपडे, दगडांच्या फटी, झिजलेला उंबरा, सगळं आहे तिथे आहे. पलंग उंच, गादी लोकरीची, वर हातमागावर विणलेली जाड चादर. टीव्ही नाही. भिंतीत चूल, जवळ लाकडं.

हे सजावटकाराच्या कल्पनेतून आलेलं नाही. पेस्कारा शहरातल्या आब्रुत्सोच्या लोकजीवनाच्या संग्रहालयाची मदत घेऊन जुन्या घरांत पलंग, पेट्या, पांघरुणं कशी असायची याचा शोध घेतला गेला. तशा वस्तू गोळा केल्या, आणि ज्या मिळाल्या नाहीत त्या जुन्या पद्धतीने करवून घेतल्या. चादरींसाठी गावात माग लागला.

याच खोलीत दुसरीही एक खोली लपलेली आहे. जुन्या फरशीखालून उष्णतेच्या नळ्या गेल्या आहेत, म्हणून अनवाणी पायाला दगड कोमट लागतो. वायरी दिसत नाहीत. न्हाणीघरात फिलिप स्टार्कने आरेखित केलेला पांढरा स्वच्छ टब, काळ्या भिंतीपुढे अगदी उघडा-वाघडा. जुन्या घरात न्हाणीघर नव्हतंच, तेव्हा जुनं असल्याचा आव आणण्यापेक्षा नवीन ते नवीन दिसू द्यायचं, हा निर्णय मला प्रामाणिक वाटतो.

चालवणाऱ्यांचे पाय

अशा हॉटेलचं कौतुक लिहिणारे पाहुण्याच्या बाजूने लिहितात. चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर गणित वेगळं निघतं.

साध्या हॉटेलात हाउसकीपिंगची बाई ट्रॉली ढकलत एका मजल्यावरच्या पंधरा खोल्या आवरते. इथे ट्रॉली चालतच नाही. धुतलेल्या चादरी, टॉवेल, साबण, जळाऊ लाकूड सगळं हातांनी पायऱ्यांवरून वर न्यायचं आणि मळलेलं खाली आणायचं. पावसातही आणि बर्फातही, आणि १,२५० मीटरवर बर्फ पडतोच. पाहुण्याच्या बॅगांचं तेच. दर खोलीमागे कामाला जास्त वेळ लागतो, म्हणजे जास्त माणसं लागतात. गावाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, हिशेबाच्या दृष्टीने जड.

दुरुस्ती हा आणखी मोठा भाग. एका इमारतीला एक छप्पर, एक बॉयलर, एक पाण्याची टाकी. विखुरलेल्या घरांना छपरं अनेक, नळजोड अनेक, गळतीच्या जागा अनेक. खोल्या एकसारख्या नसल्यामुळे आरक्षणही कटकटीचं होतं. 'स्टँडर्ड डबल' असं काही नसतंच. एक खोली पूर्वीचा गोठा, दुसरी तळघर, तिसरी वरच्या मजल्यावरची. एक पाहुणा खूश होतो, दुसऱ्याला तीच खोली अंधारी वाटते. बुकिंग घेणाऱ्याला प्रत्येक खोली तोंडपाठ असावी लागते, आणि फोनवर पाहुण्याला खरं काय ते आधीच सांगावं लागतं.

एक उणीव मात्र कितीही मेहनतीने भरून निघत नाही. व्हीलचेअरवरचा माणूस, गुडघे दुखणारी आजी, बाबागाडीतलं बाळ यांच्यासाठी हे गाव अवघड आहे. लिफ्ट बसवली तर गाव मोडतं. निदान एक-दोन खोल्या वेशीजवळ, सपाटीवर या पाहुण्यांसाठी राखणं असं प्रत्येक हॉटेल करू शकतं, आणि माझ्या मते ते नियमातच असायला हवं.

या सगळ्यामुळे दर चढे राहतात. त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ज्या धुराने इथल्या बायकांचे डोळे चुरचुरले, ज्या गोठ्याच्या उबेवर कुटुंबाने हिवाळा काढला, त्याच धुराच्या भिंतीला आज एका रात्रीचे भरपूर पैसे मोजले जातात. गरिबीची ही विक्री आहे का? मी यावर बराच विचार केला आहे. भिंत धुऊन काढली असती तर त्या बायकांची खूण पुसली गेली असती. ठेवली, तर ती पाहुण्याच्या मौजेची वस्तू होते. मला वाटतं, भिंत ठेवणंच योग्य होतं. पण ती काळी का आहे हे पाहुण्याला सांगणारं कुणी तरी तिथे असलं पाहिजे, आणि ते माणूस त्या गावचं असलं पाहिजे.

६ एप्रिल २००९

पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी लाक्विला हादरलं. ३०९ माणसं गेली. सांतो स्तेफानो तिथून फार दूर नाही. गावाचा गोल मनोरा, प्रत्येक छायाचित्रात मधोमध दिसणारा, कोसळला. घरांना तडे गेले, गल्ल्यांत टेकू लागले. मनोऱ्याच्या जागी पुढे कित्येक वर्षं त्याच आकाराचा पोलादी सांगाडा उभा होता. मनोरा पुन्हा बांधून व्हायला दशकाहून अधिक काळ गेला.

भूकंपप्रवण डोंगरात दगडी घरांतून हॉटेल चालवायचं तर जपणूक आणि सुरक्षितता यांचं भांडण रोजचं. इटलीतल्या जुन्या गवंड्यांना त्यावरचा एक उपाय माहीत होता: एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत लोखंडी सळई आरपार घालायची आणि बाहेरून पट्टीने आवळायची, म्हणजे धक्का बसला तरी भिंती बाहेर फाकत नाहीत. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीवर दिसणाऱ्या लोखंडी पट्ट्या त्याच्याच. नवी तंत्रं आली तरी तत्त्व तेच आहे. पाहुण्यांना हे दाखवायला काहीच हरकत नाही, उलट दाखवावंच.

एकाच व्यवसायावर टेकलेलं गाव अशा वेळी किती उघडं पडतं हेही दिसलं. शेतकऱ्याचं पीक भूकंपानंतरही शेतात उभं असतं, पाहुणा मात्र बातमी पाहून येणंच बंद करतो.

तोच मार्ग, दुसरं टोक

सांतो स्तेफानोचं यश मॉडेलचं की परिस्थितीचं? यासाठी ग्रीसकडे पाहावं लागतं.

१९५६ च्या भूकंपाने सांतोरिनी बेटावरचं इया गाव उद्ध्वस्त केलं आणि बरंचसं रिकामं झालं. १९७५ पासून ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने पारंपरिक वस्त्या वाचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मालकांकडून घरं ठरावीक वर्षांसाठी घ्यायची, दुरुस्त करायची आणि पाहुण्यांना द्यायची. त्यात इयातली डोंगरकड्यात कोरलेली घरं होती. कल्पना जवळपास तीच, तीही आल्बेर्गो दिफ्फूझो हे नाव रुजण्याआधीची. आज इयात सूर्यास्ताच्या वेळी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. क्रूझ जहाजांतून उतरलेले लोक तिथे राहत नाहीत, तासाभरासाठी येतात आणि निघून जातात.

फरक कशामुळे पडला? इयात विमानतळ जवळ आहे, बंदर आहे, समुद्र आहे. सांतो स्तेफानोला पोहोचायला डोंगरातला वळणांचा रस्ता आहे. पण मला आणखी एक गोष्ट दिसते. सांतो स्तेफानोत नव्या बांधकामाला आवर घालण्याचा विचार सुरुवातीलाच झाला. खाटांची संख्या जुन्या घरांच्या संख्येने बांधली गेली. गावात जितकी घरं, त्याहून जास्त मुक्कामी पाहुणे येऊच शकत नाहीत. दिवसभरासाठी येणाऱ्यांना ही मर्यादा लागू होत नाही, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी अशा सुंदर गावांना जो त्रास होतो तो त्यांचाच असतो. तेव्हा निवासाची मर्यादा ही अर्धीच मर्यादा. उरलेली अर्धी वाहनतळावर घालावी लागते.

गाव भरलं का?

हॉटेल सुरू झालं तसं बाकीही काही उगवलं. इतर घरं पाहुण्यांसाठी उघडली, खाणावळी आणि दुकानं आली. इथली बारीक, गडद रंगाची मसूर, जी न भिजवता शिजते, स्थानिक खाद्यपदार्थ जपणाऱ्या स्लो फूड चळवळीच्या संरक्षित पदार्थांत गेली आणि तिला गिऱ्हाईक मिळालं. दरडोई उत्पन्न, रोजगार, पडीक घरांची किंमत अशा मोजपट्ट्या लावल्या तर गावाचं भलंच झालं आहे.

पण दाल्लारांच्या अटींतली शेवटची अट आठवा: गाव जिवंत हवं. हॉटेल सुरू होऊन पंधरा वर्षं झाल्यावर, ऑक्टोबर २०२० मध्ये, गावाच्या प्रशासनाला नवे रहिवासी शोधण्याची योजना जाहीर करावी लागली. तेव्हा लोकसंख्या होती ११५. त्यात पेन्शनर बरेच, मुलं फार थोडी. म्हणजे घरं उघडली, खिडक्यांत दिवे लागले, पण त्या दिव्यांखाली बसलेली बरीच माणसं दोन रात्रींसाठी आलेली होती. कामाला येणारेही सगळे गावातच राहतात असं नाही, गाडीने खाली परत जाता येतं.

यात हॉटेलचा दोष मी धरत नाही. मेंढ्यांच्या धंद्यावर उभं राहिलेलं गाव दीडशे वर्षांत रिकामं झालं, ते पंधरा वर्षांत पलंग टाकून भरणार नव्हतं. दोष असलाच तर आपल्या अपेक्षेचा आहे. निवासव्यवस्था दगड वाचवू शकते, मिळकत आणू शकते, वाईट पर्यटन दाराबाहेर थोपवू शकते. सांतो स्तेफानोत हे तिन्ही झालं. शाळा, डॉक्टर, हिवाळ्यात उघडं राहणारं वाण्याचं दुकान हे तिच्या आवाक्याबाहेरचं काम आहे, आणि ते करायला दुसरं कुणी पुढे आलं नाही तर विखुरलेल्या हॉटेलमधलं 'गाव' हळूहळू नावापुरतं उरतं.

प्रशासनाची ती योजना म्हणूनच वाचण्यासारखी आहे. अर्जदार १८ ते ४० वयाचा असावा, त्याने किमान पाच वर्षं गावात राहावं आणि काहीतरी व्यवसाय सुरू करावा. त्याला तीन वर्षं दरसाल ८,००० युरोपर्यंत मदत, व्यवसायासाठी एकदाच २०,००० युरोपर्यंत, आणि नाममात्र भाड्याने घर. दहाएक माणसं निवडायची होती आणि अर्ज मात्र खूप आले. कोणती कामं हवीत याची यादीही होती: टुरिस्ट गाइड, माहितीकेंद्रातले कर्मचारी, सफाई, देखभाल-दुरुस्ती, स्थानिक खाद्यपदार्थांची विक्री. सगळी पाहुण्यांच्या सोयीची. एकच नोंद वेगळी होती, औषधांच्या दुकानाची. पाहुणा आपल्या गोळ्या बरोबर घेऊन येतो. ते दुकान गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हवं होतं.